उशिराचे व्याज कोणी भरावे?

कुणब्याचा सोसायटीचा हप्ता थकला की व्याज चढते व नोटीस दारी येते. मग सरकारच्या उशिराचे व्याज कोणी भरावे? मुंबईची कुलाबा ते सीप्झ ही ३३.५ किलोमीटरची भुयारी मेट्रोच पाहा. प्रथम खर्च २३,१३६ कोटी ठरला, तो ३७,२७६ कोटींवर गेला. कारशेडीसाठी २०१९ साली आरेतील झाडे रातोरात तोडली. २०२० साली ती कारशेड कांजूरमार्गास नेली. त्याच डिसेंबरात हायकोर्टाने तेथील काम थांबविले. २०२२ साली ती पुन्हा आरेतच आणली! सबंध मार्ग सुरू झाला तो २०२५ च्या ऑक्टोबरात. तोवर आमचे गवंडी, सुतार लोकलच्या दारांत लोंबकळतच राहिले.

झाडांसाठी भांडणाऱ्यांस आम्ही दोष देत नाही. कोरोनाची साथही वजा धरतो. पण जागेचा निकाल कुदळ मारण्यापूर्वीच का लावला नाही? हे वाढीव पैसे कोणा मंत्र्याच्या खिशांतून जात नाहीत. तेला-साबणावर कर भरणारी रयतच ते फेडते. तेव्हा बंधूंनो, मत मागावयास येईल त्यास एवढेच विचारा: प्रत्येक उशिराचा हिशेब, कारण व जबाबदार माणसासह, सोप्या मराठीत चव्हाट्यावर कधी मांडणार?