गुडघेदुखीचे पथ्य : आंबट सोडावे की वजन?

गुडघे दुखू लागले की आपल्याकडे पहिली बंदी येते ती आंबटावर. दही, लिंबू, चिंच बंद होते. पाठोपाठ 'वातूळ' म्हणून बटाटा, वांगे आणि हरभऱ्याची डाळही ताटातून जाते. चहातली साखर, संध्याकाळचे फरसाण आणि भाजीवरचा तवंग मात्र जागच्या जागी राहतो. माझ्या मते पथ्याची ही सुरुवातच उलटी आहे.

लिंबा-दह्याचा आंबटपणा सांध्यात जाऊन बसत नाही. वजनाचा भार मात्र थेट गुडघ्यावर पडतो. अमेरिकेत २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे दिसले, की एक किलो वजन उतरले तर पावलागणिक गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी कमी होतो. तेथेच २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या अभ्यासात गुडघ्यांची झीज झालेल्या ४५४ वजनदार रुग्णांची पाहणी झाली. दीड वर्षानंतर, नुसता आहार किंवा नुसता व्यायाम करणाऱ्यांपेक्षा दोन्ही सांभाळणाऱ्यांचे दुखणे अधिक कमी झाले होते.

घरच्या घरी हिशेब करून पाहा. दिवसाला चार कप चहा आणि कपाला दोन चमचे साखर धरली, तर महिन्याला किलोभराहून अधिक साखर एकट्याच्या पोटात जाते. उपवासाच्या दिवशी साबुदाण्याची खिचडी आणि वेफर्स, म्हणजे 'एकादशी अन् दुप्पट खाशी'. उरलेले वाया नको म्हणून शेवटची पोळी घरातली बाईच संपवते आणि गुडघेही बहुधा तिचेच दुखत असतात. त्यातच दही-डाळ बंद केली, तर हाडांना लागणारे कॅल्शियम आणि स्नायूंना लागणारी प्रथिनेही कमी पडतात.

म्हणून वाचकहो, वजन जास्त असेल तर साखर, तळण, भात-पोळी कमी करा. भाजी, कोशिंबीर, उसळ, ताक वाढवा. डॉक्टरांनी सांगितलेला मांड्यांचा व्यायाम रोज करा. फरक आठवड्यात नव्हे, काही महिन्यांत जाणवेल.

मात्र सांधा लाल, गरम होऊन सुजला असेल, किंवा सकाळी तास-तासभर आखडलेला राहत असेल, तर ती साधी झीज नसण्याची शक्यता असते. अशा वेळी पथ्यावर वेळ न दवडता डॉक्टरांना दाखवावे. चालू असलेली औषधेही आपल्या मनाने बंद करू नयेत.