सोळा हात पाणी

इजिप्तच्या दक्षिण भागात, नाईल नदीच्या पूर्व तीरावर आस्वान नावाचे प्राचीन नगर आहे. त्याच्या समोर नदीच्या पात्रात एलिफंटाईन हे बेट आहे आणि त्या बेटाच्या काठावरून दगडी पायऱ्यांचा एक अरुंद मार्ग पाण्याच्या दिशेने उतरत जातो. हा स्नानाचा घाट नव्हे. त्याच्या भिंतीवर मापाच्या खुणा कोरलेल्या आहेत. पुराच्या दिवसांत नदी किती चढली हे त्या खुणांवरून मोजले जाई, त्यावरून येणाऱ्या पिकाचा अंदाज बांधला जाई आणि कराची आकारणीही होई. इजिप्तच्या या पुराविषयी प्लिनी या रोमन ग्रंथकाराने पहिल्या शतकात लिहून ठेवले आहे. पाणी १२ हात चढले तर देशात उपासमार, १६ हात चढले तर सुबत्ता, असा त्याचा हिशेब होता. मात्र त्याहून अधिक चढलेले पाणी शेतांतून लवकर ओसरत नाही आणि पेरणी खोळंबते, हेही त्याने नोंदवले आहे. कमी पाणी वाईट, जास्त पाणीही वाईट, म्हणून ते मोजायचे, हा त्या देशाचा जुना शहाणपणा आहे. आस्वानला उतरणाऱ्या ज्येष्ठ प्रवाशाने तो स्वतःच्या शरीराला लावावा, यासाठी आजचा हा लेख.

अलीकडे आपल्याकडील अनेक ज्येष्ठ मंडळी हिवाळ्यात इजिप्तच्या सहलीला जातात. लक्सॉर आणि आस्वान यांच्या दरम्यान तीन-चार रात्री जहाजावर मुक्काम असतो. जहाजावर खोली, जेवण, विश्रांती सारे हाताशी असते. शरीराची खरी परीक्षा होते ती काठावर उतरल्यावर. आस्वानच्या धक्क्याला जहाजे एकमेकांना खेटून उभी असतात. त्यामुळे किनारा गाठण्यासाठी कधी कधी दोन-तीन जहाजांच्या दालनांतून आणि मधल्या फळ्यांवरून चालत जावे लागते. पुढे बस, मग दगडाची प्राचीन खाण. तेथे सुमारे ४२ मीटर लांबीचा, तडा गेल्यामुळे अर्धवट सोडून दिलेला ग्रॅनाइटचा स्तंभ अजून खडकातच पडून आहे. तो पाहायचा तर उघड्या खडकावर चढ-उतार करावी लागते आणि सावली जवळजवळ नसते. मग १९७० साली पूर्ण झालेले, १११ मीटर उंचीचे मोठे धरण. त्यानंतर फिले येथील आयसिस देवीचे मंदिर. धरणांच्या पाण्यापासून वाचवण्यासाठी १९७२ ते १९८० या काळात ते दगडादगडाने सुटे करून शेजारच्या अगिल्किया बेटावर पुन्हा उभारले गेले. तेथे जायला आजही मोटरबोटच लागते. संध्याकाळी शिडाच्या होडीतून फेरी असतेच.

एका दिवसात एवढे सगळे. त्यात आस्वानची हवा अतिशय कोरडी, पाऊस जवळजवळ नाहीच. उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या वर जातो. हिवाळ्यातली दुपार मात्र सुखद असते आणि म्हणूनच फसवी. मुंबईत किंवा कोकणात घाम आला की सदरा अंगाला चिकटतो आणि आपल्याला तहानेची आठवण होते. आस्वानला घाम येताक्षणी उडून जातो. त्वचा कोरडीच राहते आणि शरीरातून पाणी गेल्याचे कळतही नाही. विदर्भातील वाचकांना हा अनुभव नवा नाही. वयोमानाने तहानेची जाणीव मंदावते, मूत्रपिंडांची पाणी राखून ठेवण्याची क्षमताही घटते. सत्तरीतल्या माणसाला तहान लागते तेव्हा त्याच्या शरीरातील पाणी बरेच आधी कमी झालेले असते.

ही झाली हवेची आणि वयाची कारणे. तिसरे कारण मात्र माणसे डॉक्टरांनाही सांगत नाहीत. सहलीपूर्वी तपासणीसाठी आलेल्या एका निवृत्त शिक्षिकाबाईंना मी विचारले, "फिरायला बाहेर पडता तेव्हा पाणी किती पिता?" त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "डॉक्टर, खरं सांगू? सकाळी अर्धा कप चहा घेते, बस्स. लघवीची गोळीही त्या दिवशी ठेवून देते. बसमधली चाळीस माणसं माझ्यासाठी थांबलेली मला आवडत नाहीत." शेजारी बसलेला मुलगा चकित होऊन म्हणाला, "आई, हे तू मला कधीच बोलली नाहीस." त्यावर त्या एवढेच म्हणाल्या, "सांगण्यासारखं आहे का ते?"

वाचकहो, ते सांगण्यासारखेच आहे. स्वच्छतागृहाच्या चिंतेने पाणी तोडणारी माणसे फार आहेत. स्त्रिया तर असतातच, प्रोस्टेटचा त्रास असलेले पुरुषही असतात. चारचौघांत अवघडलेपण नको, आपल्यामुळे कोणाचा खोळंबा नको, ही भावना समजण्यासारखी आहे; परंतु तिची किंमत शरीर मोजते. पाणी कमी झाले की बसलेले असताना रक्तदाब ठीक वाटतो आणि उठून उभे राहताच तो खाली येतो. डोळ्यांपुढे अंधारी येते. नेमके अशाच वेळी आपण हलत्या बोटीतून धक्क्यावर पाऊल ठेवत असतो. या वयात तेथे पडणे म्हणजे खुब्याचे हाड मोडणे असू शकते. कधी पाणी कमी झाल्याची पहिली खूण म्हणजे स्वभावातला बदल: नेहमीचा बोलका माणूस गप्प होतो, चिडतो, तेच तेच विचारतो. घरचे म्हणतात, दमले असतील. त्यात गुडघ्यांसाठी वेदनाशामक गोळी घेतलेली असेल आणि रक्तदाबासाठी नेहमीची औषधे चालू असतील, तर कोरड्या पडलेल्या शरीरात ही औषधे मिळून मूत्रपिंडांना इजा करू शकतात.

म्हणून दिवसाची आखणी पाण्यापासून सुरू करावी. न्याहारीबरोबर एक पेला पाणी घ्यावे. जहाज सोडण्यापूर्वी, इच्छा असो वा नसो, खोलीतल्या स्वच्छतागृहात जाऊन यावे. काठावर दर अर्ध्या तासाने चार-पाच घोट पाणी प्यावे. एकदम बाटली रिकामी करण्यापेक्षा हे बरे. पाणी सीलबंद बाटलीचेच असावे, बर्फ टाळावा. प्रत्येक ठिकाणी पोहोचताच मार्गदर्शकाला पहिला प्रश्न स्वच्छतागृहाचा विचारावा, इतिहासाचा नंतर. तेथील सेवकाला पैसे द्यावे लागतात, म्हणून इजिप्शियन पौंडाच्या लहान नोटा वेगळ्या खिशात ठेवाव्यात. बोटीत चढताना व उतरताना दोन्ही हात मोकळे असावेत. मोबाइल पिशवीत जावा. बराच वेळ बसून उठताना आधी पाय हलवावेत, मग उभे राहावे, क्षणभर थांबून मगच चालावे.

आपले माप आपल्याजवळच असते. लघवी फिकट पिवळी असेल तर पाणी बेताचे आहे. गडद झाली, किंवा पाच-सहा तासांत लागलीच नाही, तर पाणी कमी पडले आहे असे समजावे. बी-कॉम्प्लेक्सच्या गोळ्यांनी रंग गडद पिवळा होतो, एवढे मात्र ध्यानात ठेवावे.

आता प्लिनीने सांगितलेली दुसरी बाजू. हृदयाची क्षमता कमी झालेल्या किंवा मूत्रपिंडांचा विकार असलेल्या काही रुग्णांना डॉक्टरांनी दिवसाचे पाणी ठरवून दिलेले असते. त्यांनी वरचा हिशेब स्वतःला लावू नये. कोरड्या हवेत फिरताना आपले माप किती असावे, हे निघण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांकडून आकड्यात लिहून घ्यावे. लघवीची गोळी स्वतःच्या मनाने कोणीच बंद करू नये. सहलीच्या दिवशी ती सकाळऐवजी दुपारी परतल्यावर घेता येईल का, एवढेच विचारावे. अनेकांच्या बाबतीत तसा बदल करता येतो. वर उल्लेख केलेल्या बाईंची अडचण तेवढ्या एका बदलाने सुटण्याजोगी होती.

जुलाब किंवा उलट्या झाल्या तर जलसंजीवनीचे पाकीट त्यावर लिहिलेल्या मापानेच पाण्यात मिसळून घ्यावे. मधुमेह असला तरी अशा वेळी ते घेता येते. रक्तातील साखर मात्र तपासत राहावे. मेटफॉर्मिन, डापाग्लिफ्लोझिन, रक्तदाबाच्या काही गोळ्या आणि मूत्रल औषधे अशा आजारपणात काही काळ थांबवावी लागतात. त्यांपैकी कोणती आणि केव्हा, हे आधीच लिहून घ्यावे. आस्वानला लाल रंगाचे 'कर्कदे' पेय प्रेमाने पुढे केले जाते. ते आपल्या लाल अंबाडीच्याच बोंडांचे असते. जरूर चाखावे, परंतु त्यात साखर बरीच असते आणि ते रक्तदाब थोडा उतरवू शकते, म्हणून बिनसाखरेचे मागावे आणि एका पेल्यावर थांबावे. कोणी बेशुद्ध झाले, बोलणे अडखळू लागले किंवा छातीत दुखू लागले तर तेथील रुग्णवाहिकेचा क्रमांक १२३ आहे.

सोबत जाणाऱ्या मुला-मुलींना एक विनंती. "बाबा, जायचंय का?" असे सर्वांसमोर विचारले की उत्तर बहुधा "नाही" असेच येते. त्याऐवजी "मी जाऊन येतोय, चला" म्हणावे. पाण्याची बाटली त्यांच्या पिशवीत भरून ठेवणे पुरेसे नाही. आपण घोट घ्यावा आणि बाटली त्यांच्या हाती द्यावी. वेगही त्यांच्या पावलांचा असावा. फिले आणि स्तंभाची खाण यांपैकी एकच निवडायचे असेल तर ज्यांचे गुडघे दुखतात त्यांच्यासाठी खाण सोडावी. सुमारे २८० किलोमीटरवरच्या अबू सिंबेलला पहाटेच्या अंधारात निघून त्याच दिवशी परतणे हा तर वेगळाच श्रम आहे. तो प्रकृती पाहूनच पत्करावा.

आणि एखाद्या दुपारी कोणी म्हणाले, "तुम्ही जाऊन या, मी जहाजावरच बसते," तर तो दिवस वाया गेला असे मानू नये. गच्चीवर सावलीत बसले की शिडाच्या होड्या दिसतात, पलीकडची वाळूची टेकडी दिसते. पुण्यातला आगाखान पॅलेस १८९२ साली ज्यांनी बांधून घेतला, त्या तिसऱ्या आगाखानांची समाधी त्याच पश्चिम तीरावर आहे. फक्त निघताना त्यांना एक प्रश्न नक्की विचारावा: तुम्ही दमला आहात म्हणून थांबताय, की स्वच्छतागृहाची चिंता आहे म्हणून? पहिले कारण असेल तर त्यांना सुखाने बसू द्यावे. दुसरे असेल तर बूट काढून ठेवावेत, शेजारी बसावे आणि दोघांनी मिळून मार्ग काढावा.