पाय धुणे आणि धुवून घेणे

पवित्र गुरुवारी आमच्या चर्चमध्ये पाय धुण्याचा विधी असतो. फादर अंगावरचा झगा बाजूला ठेवतात, कमरेला टॉवेल बांधतात आणि ओळीने बसलेल्या बारा जणांचे पाय धुतात. येशूने अखेरच्या भोजनाच्या वेळी आपल्या शिष्यांचे पाय धुतले, त्याचे हे स्मरण. गेल्या वर्षी त्या बारांत माझा नंबर लागला. मी काय केले असेल? घरून निघण्यापूर्वी साबण लावून दोनदा पाय धुतले, नखे कापली आणि मगच चर्च गाठले!

मळके पाय दुसऱ्याच्या हाती देण्याची लाज वाटली. पेत्रालाही ती वाटली असावी. योहानाच्या शुभवर्तमानात तो येशूला प्रथम नकारच देतो. हा नकार मला नेहमी विनयाचा वाटे. आता वाटते, त्यात अभिमानही होता. वाकून दुसऱ्याचे पाय धुणे म्हणजे नम्रता, हे आपण जाणतो. परंतु आपले उणे दुसऱ्याला दिसू देणे आणि त्याच्याकडून काही घेणे, ही नम्रता त्याहून अवघड आहे.

मित्रहो, माझे मळके पाय म्हणजे माझे लिखित कन्नड. शिक्षण मराठी माध्यमात झाले. बाजारात आणि शेजारीपाजारी कन्नड फाडफाड बोलतो, पण लिहायला बसलो की पेन अडते. आमच्या वर्गात गोकाककडचा एक मित्र आहे. त्याची गत उलटी. एकदा तो म्हणाला, "माझी पंखा बिघडली." मी मोठ्याने हसलो, माझ्यामागून सारा बाक हसला. तोही हसला, पण पुढे कित्येक दिवस तो आमच्याशी मराठीत बोलला नाही.

काही दिवसांनी मला एका कचेरीत कन्नडमधून अर्ज द्यायचा होता. दोन कागद फाडले. तो मित्र वसतिगृहातच होता, पण त्याला विचारण्यापेक्षा मी अर्ज न देताच घरी परतलो. त्या रात्री पेत्र आठवला. दुसऱ्या दिवशी कागद घेऊन त्याच्या खोलीवर गेलो. कन्नडमध्ये ऱ्हस्व 'ए' आणि दीर्घ 'ए' निरनिराळे लिहितात; मराठीत तो भेद नाही. माझा अर्ज अशा चुकांनी भरला होता. त्याने हसावे अशी माझी अपेक्षा होती. तो हसला नाही, शांतपणे एकेक अक्षर दुरुस्त करीत गेला. पंख्याबद्दलची क्षमा मी तेव्हा मागितली.

ही वाट नवी नाही. थॉमस स्टीफन्स हा इंग्रज धर्मगुरू १५७९ साली गोव्यात आला. शिकवायला आलेला हा माणूस आधी विद्यार्थी होऊन बसला. पुढे त्याने दहा हजारांहून अधिक ओव्यांचे 'ख्रिस्तपुराण' मराठीत रचले; ते १६१६ साली छापले गेले. ज्या सत्तेच्या छायेत तो आला तिने देवळे पाडली, हे विसरता येत नाही. तरी परक्याची भाषा शिकताना चुका करण्याची त्याची तयारी होती, हेही खरे. पंडिता रमाबाईंना १८७८ साली कलकत्त्यात 'सरस्वती' ही पदवी मिळाली होती. संस्कृतावर एवढे प्रभुत्व असलेल्या या विदुषीने बायबलचा मराठी अनुवाद मात्र सामान्य बाईला समजेल अशा सोप्या भाषेत केला, आणि त्यासाठी हिब्रू व ग्रीक या भाषा उतारवयात अभ्यासल्या. विद्वत्ता बाजूला ठेवून पुन्हा पाटी हाती घेणे यालाच मी नम्रता म्हणतो.

कोणी म्हणेल, "सीमाभागात असे नमते घेतले तर आपली भाषा उरेल काय?" शंका रास्त आहे. पण नम्रता म्हणजे हक्क सोडणे नव्हे. मराठी शाळा टिकावी, मराठीत कागदपत्रे मिळावीत, ही मागणी करणारा गर्विष्ठ ठरत नाही. निपाणीच्या विडी कामगार स्त्रिया मजुरीसाठी संघटित झाल्या, तेव्हा त्यांना नम्रतेचा उपदेश करणे हा ढोंगीपणाच झाला असता. नम्रतेचा उपदेश दुसऱ्याला करायचा नसतो; तो स्वतःला करायचा असतो. हक्कासाठी ताठ उभे राहावे, पण शेजाऱ्याच्या तुटक्या वाक्याला हसू नये. या दोन गोष्टी एकाच माणसाला साधता येतात.

आम्हा वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांना पहिला धडा मिळतो तो दुहेरी नोंदीचा. एकाने दिले तर दुसऱ्याने घेतलेच पाहिजे. एरवी हिशेब जुळत नाही. आपण सगळे देणारे व्हायला बघतो. सेवा करू, मदत करू, उपदेश करू. घेणाऱ्याच्या खात्यात नाव घालायची मात्र लाज वाटते. मग प्रेमाचा ताळेबंद जुळावा कसा?

म्हणून एक साधी विनंती करतो. हा अंक अर्धा मराठी आहे, अर्धा कन्नड. आपल्यापैकी बहुतेक जण आपापला भाग वाचून अंक मिटतात. यंदा दुसऱ्या भागातील एक तरी लेख वाचू या. अडेल तेथे शेजारच्या बाकावरील मित्राला अर्थ विचारू या. तो हसेलही कदाचित. हसू द्या! येत्या पवित्र गुरुवारी माझा नंबर लागलाच, तर मीही पायांवरची धूळ तशीच घेऊन जाणार आहे.