गीता ऐकलेला अर्जुनही रडला

‘तू तर रोज गीता वाचतेस, मग रडतेस कशाला?’ माझी जिवलग मैत्रीण हृदयविकाराच्या झटक्याने ध्यानीमनी नसताना गेली, तेव्हा दिल्लीच्या निगमबोध घाटावर हे मला ऐकावं लागलं. बोलणारे काका वडीलकीच्या मायेनेच बोलले. आत्मा अमर आहे हे पटलेल्या माणसाने शोक केला तर त्याची श्रद्धा कच्ची, असं त्यांचं म्हणणं. ते मला मुळीच मान्य नाही.

अर्जुनाने गीता ऐकली ती युद्धाच्या पहिल्या दिवशी. तेराव्या दिवशी अभिमन्यू पडला आणि संध्याकाळी शिबिरात परतल्यावर अर्जुनाने केलेला विलाप द्रोणपर्वात सविस्तर आला आहे. गीता सांगणारा शेजारीच होता. त्याने अर्जुनाला धीर दिला. ‘एवढं सांगितलं ते वाया गेलं का?’ असं तो त्या रात्री म्हणाला नाही. मग आपण घाटावर कोणत्या अधिकाराने म्हणतो?

शिवाय हे काही पुराणातच घडतं असं नाही. 9 ऑगस्ट 1942 रोजी गांधीजींना अटक झाली, पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये ठेवलं गेलं. त्यांचे सचिव महादेवभाई देसाई सोबत होते. 15 ऑगस्टच्या सकाळी ते एकाएकी कोसळले आणि गेले. वय अवघं पन्नास. त्यातली पंचवीस वर्षं गांधीजींच्या सावलीसारखी गेलेली. गांधीजी त्यांना नावाने हाका मारत राहिले. देहाला स्नान त्यांनी स्वतः घातलं. पुढे त्याच आवारातल्या समाधीवर ते रोज फुलं वाहायला जात आणि तिथे गीतेचा बारावा अध्याय म्हटला जाई. स्थितप्रज्ञाची लक्षणं रोजच्या प्रार्थनेत म्हणणारा हा माणूस. त्याची हाक आणि त्याचा अध्याय एकाच श्रद्धेतून आले, असं मी मानते.

आमच्या दिल्लीत निजामुद्दीन दर्ग्यावर दरवर्षी वसंत साजरा होतो. त्यामागची आख्यायिका अशी, की तरुण भाच्याच्या मृत्यूने निजामुद्दीन औलिया इतके खचले की हसणंच विसरले. अमीर खुसरो पिवळी वस्त्रं लेवून, मोहरीची फुलं घेऊन आले, तेव्हा कुठे ते हसले. त्या दुःखामुळे त्यांच्या संतपणाला उणेपणा आला, असं इथे कोणी म्हणत नाही.

आता दुसरी बाजू. माझे काही मित्र विचारतात, ‘एवढी पूजा करायची ती, देवाने काय दिलं?’ हा प्रश्न मला काकांच्या उपदेशापेक्षा प्रामाणिक वाटतो. ती का गेली, याचं उत्तर माझ्याकडे नाही. ‘चांगली माणसं देवाला लवकर हवी असतात’ हे वाक्य तर तिच्या शाळकरी मुलांसमोर उच्चारणंही मला क्रूर वाटतं. पण मित्रांनी एक गृहीत धरलंय, की पूजा म्हणजे आयुष्याची हमी मिळवण्याचा व्यवहार. तसा व्यवहार तिने कधी केला नव्हता, मीही केलेला नाही.

आपल्या वारकरी परंपरेत जनाबाई विठ्ठलाला शिव्या घालते, नामदेव त्याच्याशी भांडतो. ज्ञानदेवांच्या समाधीचे जे अभंग नामदेवांच्या नावावर आहेत, ते तर विरहाने ओथंबलेले आहेत. या भक्तांना आपण कच्चे म्हणत नाही. भांडायला समोर कोणी असावं लागतं, आणि माझ्यासमोर तो आहे. त्याच्यावर मी रागावले आहे. त्याच्याशी बोलणं मात्र सोडलेलं नाही.