कौल : छपरावरचे आणि कागदावरचा

‘कौल’ हा शब्द मराठीत लिंगावरून ओळखावा. छपरावर असते ते कौल. देव देतो, मतदार देतात तो कौल. अनेकवचनात पहिल्याची कौले होतात, दुसरा कौलच राहतो. उच्चार एक, घराणी दोन.

छपरावरचे कौल संस्कृत ‘कपाल’पासून आले. डोक्याची कवटी हा कपालाचा अर्थ आज ठळक असला, तरी खापर हा अर्थही जुनाच. अग्नीसाठीचा पुरोडाश आठ खापरांवर भाजत, म्हणून तो ‘अष्टाकपाल’. दोन स्वरांमधल्या ‘प’चा ‘व’ होणे मराठीच्या अंगवळणी पडलेले आहे : दीपाचा दिवा झाला, कपर्दिकेची कवडी झाली. तसेच कपालाचे कवल आणि कवलाचे कौल.

व्युत्पत्ती पटत नसेल, तर कुंभाराच्या चाकाजवळ उभे राहावे. नळीचे कौल घडवताना तो आधी एका टोकाला निमुळती, बिनबुडाची नळी चाकावर ओढतो. ओली असतानाच तिला समोरासमोर दोन उभ्या चिरा देतो आणि मग तिच्या दोन फाका करतो. म्हणजे कौल जन्मतःच अर्धे भांडे. कोकणी-मालवणीत ‘नळे’ म्हणतात, ते या नळीवरूनच.

1860च्या दशकात बाझेल मिशनने मंगळुरात कौलांचा कारखाना काढला. यंत्रावर दाबलेल्या चपट्या कौलात चाक उरले नाही, नळी उरली नाही. नाव तेवढे उरले. अंदाजपत्रकात नुसते ‘कौले’ लिहिणे त्यामुळेच महागात पडते. नळीची कौले सुटी असतात, एक ओळ उताणी, तिच्यावर दुसरी पालथी. दर पावसाळ्याआधी ती परतावी लागतात. मंगलोरी कौल शेजारच्याच्या खोबणीत बसते आणि रिपेला अडकते, म्हणून रिपांचे अंतर त्याच्या मापानेच धरावे लागते. मोघम शब्दावर सुताराने ठोकलेल्या रिपा पुन्हा उपटण्याची पाळी येते.

दुसरा कौल अरबी. अर्थ वचन, बोल. कव्वाली त्याच मुळाची. ओस जमीन लागवडीस आणण्यासाठी सरकार रयतेला सवलतीचा कौल देई, त्याचा कागद तो कौलनामा. कोकणात गुरव देवाला कौल लावतो, तोही हाच. तेव्हा जुन्या वाड्याच्या डागडुजीसाठी दप्तर चाळताना ‘कौल दिला’ असे आढळल्यास छपराचा खर्च शोधू नये. कुलावरून आलेला तंत्रमार्गी कौल तिसरा. त्याचा गवंड्याशी संबंध नाही. ‘कौलारू’ मात्र पहिल्याचेच विशेषण, तिथे गफलतीला जागा नाही.