जमेची बाकी

दिवाळी सरली की महाराष्ट्रातील अनेक शहरांत तिबेटी विक्रेत्यांची स्वेटरची दुकाने मांडली जातात आणि थंडी ओसरताच ती उठतात. यातील बराचसा माल लुधियान्याचा असतो. 1959 नंतर भारतात आलेल्या तिबेटी निर्वासितांपैकी अनेकांनी प्रथम डोंगराळ भागात रस्तेबांधणीची मजुरी केली आणि पुढे हा हंगामी व्यापार धरला. जवळ भांडवल नाही, तारण नाही. तरीही लुधियान्याच्या व्यापाऱ्यांनी त्यांना उधारीवर माल दिला. हंगामाअखेरीस हिशेब चुकता होई. शब्दावर उभा राहिलेला हा व्यवहार पिढ्यान्‌पिढ्या टिकला.

अशाच एका पेढीच्या वृद्ध मालकांची ही हकीकत. कारभार संगणकावर गेला, तेव्हा मुलाने जुन्या खतावण्या रद्दीत काढण्याचे ठरवले. त्या चाळताना 1996 सालच्या एका पानावर वडिलांची नजर थबकली. कांगडा खोऱ्यातील बीर येथील एका विक्रेतीच्या खात्यावर 4,260 रुपये जमेला पडून होते. हंगामात भरलेली रक्कम आणि परत पाठवलेला माल मिळून तिच्या देण्याहून अधिक भरत होते. त्यानंतर ती कधीच आली नव्हती. तिच्याबरोबर येणाऱ्या दोघांची खातीही तेथेच थांबली होती. त्यापूर्वी पंधरा वर्षे ही तिघे माल भरायला आली की घरी चहा घेतल्यावाचून परतत नसत.

मुलगा म्हणाला, “बाऊजी, पत्ता काढू आणि पैसे ऑनलाइन पाठवून देऊ.”

“पैसे पोहोचतील, पण माणसे कशी आहेत, ते कसे कळेल?”

एप्रिलमध्ये पती-पत्नी मोटारीने निघाले. पठाणकोट मागे पडल्यावर चढण सुरू झाली. नूरपूर, कांगडा, पालमपूरचे चहाचे मळे, बैजनाथ. डाव्या हाताला धौलाधारची बर्फाच्छादित शिखरे सोबतीला होती. बीर आता पॅराग्लायडिंगसाठी प्रसिद्ध झाले आहे. तेथील तिबेटी वसाहतीत त्यांनी दुकानोदुकानी जुनी नावे विचारली. एक मित्र निवर्तला होता. दुसरा मुलाकडे कॅनडात स्थायिक झाला होता. ती मात्र धर्मशाळेच्या एका वृद्धाश्रमात असल्याचे समजले.

दुसऱ्या दिवशी ते तेथे पोहोचले. तिने त्यांना ओळखले, पण तिचा चेहरा उतरला. हात जोडून ती म्हणाली, “लालाजी, वसुलीसाठी इतक्या दूर यावे लागले तुम्हाला!”

मग उलगडा झाला. त्या हिवाळ्यात अवकाळी पावसाने तिचा बराच माल भिजून वाया गेला होता. उरलेला तिने परत पाठवला. परंतु तो निम्म्या भावानेच धरला जाईल, असे तिने गृहीत धरले होते. राहिलेले देणे फेडता येईना, म्हणून लाजेने तिने लुधियान्याची वाट सोडली आणि तिच्यासाठी सोबत्यांनीही. पेढीने पूर्ण भाव धरला होता, हे तिला कोणी सांगितलेच नव्हते. जवळजवळ तीस वर्षे ती स्वतःला ऋणको समजत राहिली.

वृद्ध गृहस्थांनी खतावणीचे पान तिच्यासमोर ठेवले. तिने आकड्यांवरून हळूहळू बोट फिरवले. “बहनजी, चूक माझी आहे,” ते म्हणाले. “जमा लिहिली, पण कळवली नाही.”

तिने 4,260 रुपये घेतले. व्याजाचे पाकीट परत केले. निरोप देताना तिने दोघांच्याही गळ्यात शुभ्र रेशमी वस्त्र घातले. तिबेटी रीतीतील या सन्मानवस्त्राला ‘खाता’ म्हणतात.

येणे वसूल करण्यासाठी पेढ्या स्मरणपत्रे धाडतात. देणे कळवण्याची तत्परता क्वचितच दिसते. हिशेब वहीत बरोबर असला, तरी तो समोरच्यापर्यंत पोहोचेतो अपुराच असतो. लुधियान्यास परतताच त्यांनी मुलाला एकच काम सांगितले: ज्यांची बाकी जमेला आहे, त्या प्रत्येक ग्राहकास याच आठवड्यात दूरध्वनी करावा.

ती खतावणी रद्दीत गेली नाही.