गोळी, घंटा आणि गिट

हैदराबादेत संगणकाचा क्लास म्हटला की लोक अमीरपेटकडे बोट दाखवतात. मी मात्र हिमायतनगरातच, आमच्या जेवणाच्या टेबलावर, दुपारची झाकपाक झाली की मोबाइलचं अ‍ॅप लिहायला शिकतेय. पहिलं अ‍ॅप सासूबाईंसाठी: गोळ्यांच्या वेळी घंटा वाजवणारं.

भाच्याने पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "मावशी, गिट वापर." गिट म्हणजे कोडच्या प्रत्येक टप्प्याची नोंदवही. लिनस टॉरवाल्ड्स यांनी एप्रिल २००५मध्ये लिनक्सच्या कामासाठी ते लिहिलं, कारण आधीचं साधन फुकट वापरायची मुभा संपली होती. मला ते नसतं लचांड वाटायचं. तरी त्याच्या धाकाने रोज रात्री नोंद करायचे. प्रत्येक नोंदीला एक ओळ लिहावी लागते. माझ्या ओळी अशा: "बदल", "थोडा बदल", "झोप आली".

एके दिवशी सासूबाई म्हणाल्या, "अगं, हे २०:०० म्हणजे किती वाजले?" मी वेळ बारा तासांच्या घड्याळात केली, अक्षरं मोठी केली, सगळ्या वेळा नव्याने भरल्या आणि झोपले.

सकाळी आठला घंटा वाजली. लगेच परत वाजली.

"संध्याकाळची गोळी आत्ताच घेऊ का गं?"

त्यांनी विचारलं म्हणून बरं. बीपीची गोळी होती ती. माझे हातपाय गार पडले.

गिट उघडलं, तर नुसते "बदल"च "बदल". कोणता कशाचा, काय कळणार? एकेक उघडत गेले. जुनी ओळ वजा खुणेने, नवी अधिक खुणेने समोरासमोर दिसते. पुण्याच्या भांडारकर संस्थेने बाराशेहून अधिक हस्तलिखितं ताडून महाभारताची चिकित्सक आवृत्ती केली, १९१९ ते १९६६. त्यातले तळटिपांमधले पाठभेद आठवले. माझा पाठभेद दोन अक्षरांचा होता: दोन मोठ्या 'एच'च्या जागी दोन छोटे. मोठे म्हणजे चोवीस तासांचं घड्याळ, छोटे म्हणजे बारा तासांचं. पडद्यावर दाखवायला ते ठीकच, पण मी वेळ साठवतानाही तेच केलं होतं. रात्रीचे आठ सकाळचे होऊन बसले.

तो अख्खा टप्पाच मागे घ्यावा, तर मोठी अक्षरंही जाणार. एका नोंदीत दोन कामं कोंबल्याचं फळ! शेवटी साठवण्याची तेवढी ओळ हाताने दुरुस्त केली, वेळा पुन्हा भरल्या आणि त्या संध्याकाळी आठला फोन हातात धरून बसले. वाजली.

मग नोंद केली. गिटला मराठी चालतं. "रात्रीच्या गोळीची वेळ दुरुस्त. चूक सासूबाईंनी पकडली."

त्यांना वाचून दाखवलं, तर म्हणाल्या, "ते खरं, पण ८:०० पुढे सकाळ की रात्र, तेही लिही की."